रोवणीतला एक दिवस आणि गाडीची चेन

पहाटे सव्वापाच. जुलैचा दुसरा आठवडा आहे आणि रात्रभर पाऊस पडून थांबला आहे. महाराष्ट्राच्या या पूर्वटोकाला उजाडतं लवकर. चूल पेटायच्या आत मी कंदिलाएवढ्या उजेडाचा छोटा बल्ब लावून माझ्या गाडीजवळ बसतो. हातात फक्त कोरडं सुती फडकं असतं. तेल मी काल रात्रीच घातलं आहे. चेनच्या बाहेर उरलेलं तेवढं आता पुसायचं. तेल रात्री आणि फडकं सकाळी, हा माझा पंचवीस वर्षांचा नेम. बहुतेक लोक याच्या उलट करतात. सकाळी निघता निघता तेल ओततात आणि लगेच किक मारतात. आत जायला वेळच न मिळालेलं ते तेल पहिल्या मैलातच मागच्या रिमवर आणि पँटीवर उडतं. मग म्हणतात, तेल टिकत नाही.

माझं गॅरेज कोहमाऱ्याला आहे, सडक अर्जुनी तालुक्यात. मुंबईहून कोलकात्याकडे जाणारा महामार्ग इथून जातो. पूर्वी तो सहा नंबरचा होता, आता त्रेपन्न. गोंदियाहून गोरेगावमार्गे नवेगावबांध आणि अर्जुनी मोरगावकडे उतरणारा रस्ता त्याला इथेच कापतो. त्यामुळे चौकात सगळ्या तऱ्हेच्या गाड्या येतात: धानाची चुंगडी बांधलेल्या, दुधाचे कॅन लटकवलेल्या, नागझिऱ्याच्या जंगलातून मुरुमाची लाल धूळ घेऊन आलेल्या. इंजिनाची कामं मी करतोच, पण माझा जीव चेनमध्ये आहे. इंजिन बिघडलं की माणूस धावत येतो. चेन मात्र महिनोन् महिने कण्हत राहते आणि कोणी विचारत नाही.

सहाला पाच कमी असताना दूधवाला जातो. गाडी दिसण्याआधी तिची चेन ऐकू येते: कर्र, कर्र, कट. पुन्हा कर्र, कर्र, कट. कर्र म्हणजे चेन कोरडी आहे. तो ‘कट’ मात्र वेगळा. चेन एक फेरी पूर्ण करते तेव्हा तो एकदा वाजतो, म्हणजे एखादी कडी जाम झाली आहे. जूनपासून मी हा आवाज ऐकतोय. आज रस्त्यात उभा राहून हात केला.

“गाडी ठेवून जा ना जी, अर्ध्या तासाचं काम आहे.”

“दूध खराब होईन मिस्त्री. संध्याकाळी पक्का येतो.”

“मागच्या सोमवारीबी पक्काच होतं.”

“आज येतोच जी, आईची शपथ.”

गेला. चाळीस किलोमीटर रोजचे त्याचे, जाऊन-येऊन.

आठ वाजता शटर उघडेपर्यंत तो आवाज डोक्यात राहतो. मग मी हिशेब करत बसतो, सवयच आहे ती. शंभर सीसीच्या गाडीच्या मागच्या चकतीला ४२ दाते धरा आणि चेनला १०४ कड्या. अठरा इंची चाक एका किलोमीटरमध्ये पाचशेच्या वर वेळा फिरतं. तेवढ्यात पूर्ण चेन दोनशेहून जास्त फेऱ्या मारते. प्रत्येक फेरीत प्रत्येक सांधा चारदा हलतो: पुढच्या चकतीवर चढताना वाकतो, उतरताना सरळ होतो, मागच्या चकतीवर तेच पुन्हा. म्हणजे किलोमीटरला आठशेच्या वर हालचाली. दूधवाल्याच्या चाळीस किलोमीटरमध्ये एकेक सांधा तीस हजारांहून अधिक वेळा आपल्या पिनेवर घासला जातो. कोरडा.

चेन ‘ताणली’ असं सगळे म्हणतात. ती रबरासारखी ताणली जात नाही. पिन आणि बुश एकमेकांना खातात आणि सांध्यात फट पडते. एका सांध्यात दशांश मिलिमीटर झीज झाली तर डोळ्याला दिसणारही नाही, पण १०४ सांध्यांची मिळून ती दहा मिलिमीटरच्या वर जाते. कड्यांमधलं मूळ अंतर असतं १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच. म्हणजे जवळजवळ एका कडीची लांबी नुसत्या झिजेतून वाढली. चकतीच्या दात्यांचं अंतर मात्र तेवढंच राहतं. मग चेन दात्यावर नीट बसत नाही, दाता एका अंगाने झिजतो, वाघनखासारखा वाकडा होतो, आणि शेवटी चेनबरोबर दोन्ही चकत्या बदलाव्या लागतात. पूर्ण चेन-सेट म्हणजे धानाच्या रोवणीतल्या मजुराची तीन-चार दिवसांची मजुरी. एवढे पैसे मी त्याच्याकडून घेऊ शकतो, दुकान त्यावरच चालतं. पण दहा मिनिटांच्या आणि चमचाभर तेलाच्या आळसापायी कोणाची मजुरी माझ्या गल्ल्यात पडली की मला ते गोड लागत नाही.

बुश आणि त्यावर फिरणारा रोलर अशी रचना केली ती हान्स रेनोल्ड यांनी, १८८० साली. माणूस स्वित्झर्लंडचा, कारखाना मँचेस्टरला, आणि आधीचं काम कापड गिरण्यांच्या यंत्रांच्या चेनचं. आज कोइंबतूरची रोलॉन घ्या किंवा चेन्नईची डायमंड, रचना तीच आहे. रोलर, त्याच्या आत बुश, बुशच्या आत पिन. तेल लागतं ते बुश आणि पिनेच्या मध्ये, आणि तीच जागा कोणाला दिसत नाही. लोक दिसणाऱ्या पट्ट्यांना तेल लावतात.

साडेनऊला गुरुजी आले. जिल्हा परिषदेच्या शाळेवर जातात, आज कुठल्याशा कामाची सुट्टी होती म्हणून गाडी घेऊन आले. गाडी दहा वर्षांची, सांभाळलेली, टाकीवर पॉलिश. चेन कव्हरचे चार बोल्ट काढले तर आत काळा चिखल, बोटभर जाड.

“दर महिन्याला ऑइल टाकतो मी,” गुरुजी म्हणाले, “इंजिनाचं निघालेलं.”

हे मी दिवसातून चारदा ऐकतो. इंजिनाचं ऑइल बदललं की जळालेलं काळं ऑइल बाटलीत भरून ठेवायचं आणि चेनला घालायचं, ही गावोगावची रीत आहे. फुकट मिळतं म्हणून वाईट वाटत नाही. पण इंजिनाने ते ऑइल काढून टाकलं ते कशासाठी? त्यात काजळी असते, झिजलेल्या धातूची भुकटी असते, आम्लं तयार झालेली असतात. जे इंजिनाला चालत नाही ते चेनला औषध कसं होईल? वर ते पातळ झालेलं असतं, त्यामुळे सांध्यात टिकत नाही, बाहेर मात्र धूळ धरून बसतं. ग्रीसचंही तसंच. बाहेरून ग्रीस थापलं की चेन चकचकीत दिसते, पण घट्ट ग्रीस रोलरच्या आत शिरत नाही. पूर्वी काही ठिकाणी चेन काढून गरम पातळ केलेल्या ग्रीसमध्ये बुडवत, थंड झाल्यावर ते आत गोठायचं. ती रीत बरोबर होती. थापायची रीत नाही.

गुरुजींना स्टुलावर बसवलं आणि काम दाखवत केलं. शिकवणाऱ्या माणसाला दाखवलं की ते चाळीस घरांत जातं, हा माझा अनुभव आहे.

गाडी डबल स्टँडवर. इंजिन बंद, चावी खिशात. चेनचं लॉक पकडीने काढलं आणि चेन घमेल्यातल्या डिझेलमध्ये सोडली. रेशनवर रॉकेल मिळायचं तोवर रॉकेल वापरायचो, आता साध्या चेनला डिझेल. पेट्रोल कधीच नाही. एक ठिणगी पुरते आणि वंगणाचा अंशसुद्धा ते शिल्लक ठेवत नाही. पंधरा मिनिटं भिजू दिली. मग जुन्या दाताच्या ब्रशने दोन्ही अंगांनी घासली आणि एकेक सांधा बोटाने वाकवून पाहिला. घमेल्याच्या तळाशी राखाडी गाळ बसला. चिमटीत घेऊन चोळला तर वाळूसारखा खरखरला. गुरुजींच्या बोटावरही दिला. ते काही बोलले नाहीत, नुसतं बोट पाहत राहिले.

चेन फडक्यात ओढून कोरडी केली आणि वाऱ्यावर टांगली. ओल्या चेनला तेल घातलं तर डिझेल ते पातळ करून टाकतं. तोवर कव्हर खरवडलं, चकत्या पुसल्या. दाते सरळ होते, गुरुजींचं नशीब. चेन परत चढवली. लॉकची दिशा सांगतो, कारण इथे चुकलेली गाडी मी नाल्याकाठी ढकलत आणलेली पाहिली आहे. वरच्या बाजूला चेन पुढे धावते. त्या बाजूला लॉकची बंद गोल बाजू पुढे हवी आणि फाटलेली बाजू मागे. उलटं बसवलं आणि कशाला अडकलं की ते उघडतं.

मग तेल. नव्वद नंबरचं गिअर ऑइल, कुपीत भरलेलं. चेनच्या खालच्या बाजूला, आतल्या अंगाने, रोलरच्या दोन्ही कडांना एकेक थेंब. मागचं चाक एका हाताने सावकाश फिरवायचं. आतल्या अंगानेच का, तर चेन चकतीवर वळताना तेल बाहेर फेकलं जातं, आणि आतून घातलेलं तेल बाहेर जाताना सांध्यातून जातं. बाहेरून घातलेलं थेट चिखलात. लॉकच्या कडीपासून सुरुवात केली की एक फेरी कुठे संपली ते कळतं. एवढंच. गुरुजींनी शेवटच्या तीस कड्या स्वतः घातल्या.

ढील शेवटी पाहिली. दोन चकत्यांच्या मधोमध चेन बोटाने वर-खाली करायची. या गाड्यांना साधारण २० ते ३० मिलिमीटर ढील लागते, नक्की आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. चाक फिरवून चार जागी पाहायची आणि सगळ्यात घट्ट जागेवरून ठरवायचं. आमच्याकडे चेन तारेसारखी टाइट करून मागतात, आवाज बंद व्हावा म्हणून. पण गाडीवर दोन माणसं आणि धानाचं चुंगडं बसलं की मागचा भाग दबतो आणि चेन आणखी ताणली जाते. मग सगळा ओढा गिअरपेटीच्या बेअरिंगवर येतो. ढिलीचा आवाज निदान ऐकू येतो, अति टाइटचं नुकसान मुक्याने होतं.

साडेबाराच्या सुमारास एका राइस मिलमध्ये काम करणारा पोरगा आला. त्याची चेन आठ महिन्यांपूर्वी मीच बदलली होती आणि आज मागच्या चकतीवरची कडी बोटाने ओढली तर दाता अर्धा उघडा पडला. म्हणजे संपली. आठ महिन्यांत? गाडी कुठे लावतोस विचारलं. मिलच्या मागे, राखेच्या ढिगाजवळ.

गोंदिया जिल्हा तांदळावर जगतो. उसना तांदूळ करायला वाफ लागते आणि ती वाफ करायला मिलवाले धानाचंच तूस जाळतात. धानाचं रोप जमिनीतून सिलिका उचलतं आणि तुसात साठवतं. तूस जळालं की मागे जी राख उरते तिच्यातला बहुतांश भाग सिलिकाच असतो, म्हणजे वाळू आणि काच ज्याची बनते तोच पदार्थ. काळी, हलकी, पिठासारखी मऊ दिसणारी ती राख तेलकट चेनवर बसली की पॉलिश पेपरचं काम करते. जे पीक आम्हाला पोसतं तेच आमच्या चेन घासून खातं. या पोराला मी दोन गोष्टी सांगितल्या: गाडी फाटकाच्या बाजूला लाव, आणि तेल घातल्यावर बाहेरचं रोज पूस, अगदी कोरडं वाटेपर्यंत. आतलं तेल आत राहू दे. बाहेर ते राखेला बोलावणं आहे. नवीन सेट बसवला, मजुरी घेतली नाही. जुनी चेन त्याने मागून घेतली, वाडीच्या फाटकाला बांधायला.

दीड वाजता जेवण. भात, वरण, करडईची चटणी.

अडीचला एक कॉलेजातला मुलगा दीडशे सीसीची गाडी घेऊन आला, चेन उघडी, कव्हर नसलेली. काल धुलाई सेंटरवर जोराच्या पाण्याने धुतली आणि घरी पेट्रोलने घासून लख्ख केली. आज आवाज येतोय. अशा चेनच्या पट्ट्यांमध्ये बारीक रबरी रिंगा असतात, ओ-रिंग म्हणतात. कारखान्यातच सांध्यात ग्रीस भरून या रिंगांनी ते कोंडलेलं असतं. पेट्रोलने रबर फुगतं, कडक होतं, तडकतं. तारेचा ब्रश ते कापतो. जोराचं पाणी रिंगेखाली शिरतं. एकदा रिंग गेली की आतलं ग्रीस बाहेर येतं आणि ते परत भरता येत नाही. आपण बाहेरून घालतो ते तेल फक्त रिंगा ओल्या ठेवायला आणि रोलरला गंज लागू नये म्हणून. मुलाला राग आला नाही, वाईट वाटलं. त्याने प्रेमानेच धुतली होती. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसायची, मऊ ब्रश वापरायचा, आणि साधारण पाचशे किलोमीटरला किंवा मोठ्या पावसातून आल्यावर तेल. वहीच्या पानावर लिहून दिलं.

तो असतानाच एक वनरक्षक पाणी प्यायला थांबला. त्याची गाडी मी दर पंधरा दिवसांनी पाहतो. एकदा तो म्हणाला होता, जंगलात चेन वाजत असली की बाकी काही ऐकू येत नाही, ना सांबराचा कॉल ना लाकडावरची कुऱ्हाड. तेव्हापासून त्याच्या चेनला मी स्वतः तेल घालतो, हाताखालच्या पोराच्या हाती देत नाही.

साडेतीनपासून पाऊस. चौक रिकामा. अशा वेळी हाताखालचा पोरगा चेन पुसायला घेतो आणि मी समोर बसतो, उठत नाही. आज त्याने तेच केलं जे मी एकदा केलं होतं. चाक हाताने फिरवायचा कंटाळा आला म्हणून इंजिन चालू करून पहिला गिअर टाकायला गेला. मी ओरडलो. इतक्या मोठ्याने, की समोरच्या चहावाल्याने मान बाहेर काढली.

माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं वरचं पेर नाही. १९९८ सालची गोष्ट, मी शिकाऊ होतो. गाडी स्टँडवर, इंजिन चालू, पहिला गिअर, चाक आपोआप फिरतंय आणि मी फडकं धरून चेन पुसतोय. सगळे तसंच करायचे, कोणी मला सांगितलं नव्हतं आणि कोणी अडवलंही नव्हतं. फडक्याचा एक धागा दात्यात अडकला. फडकं सोडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात काम झालेलं होतं. दुखलं नंतर. आधी फक्त फडकं लाल झालेलं दिसलं आणि वाटलं, हा रंग कुठून आला. चाक हाताने सावकाश फिरवलं तर सहसा चिमट्यावर निभावतं. इंजिन मात्र थांबत नाही, त्याला हाड आणि चिंधी यातला फरक कळत नाही. पोराला मी बोट दाखवलं नाही, त्याने ते रोजच पाहिलं आहे. चावी काढून त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, चेनला हात लावायच्या आधी ही खिशात टाकायची, मग फडकं उचलायचं. त्याच्याकडून पाचदा करून घेतलं. त्याला वाईट वाटलं असेल. वाटू दे.

साडेपाचला पाऊस ओसरला आणि रोवणीची माणसं परतू लागली. हा दिवसातला माझ्या आवडीचा तास. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर प्लास्टिकचे घोंगते, गाडीवर तिघं-तिघं. सकाळी याच गाड्यांवर पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या बांधून नेलेल्या असतात, त्यांचं गढूळ पाणी दिवसभर मागच्या चाकावर ठिबकत आलेलं असतं. वर चिखलणी करून बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, निघालेले ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर लोंदे टाकत जातात. रोवणीच्या या महिनाभरात चेनचं जेवढं वाटोळं होतं तेवढं उरलेल्या वर्षात होत नाही.

पूर्ण धुवायला कोणाकडे वेळ नसतो आणि मी आग्रहही धरत नाही. बंद कव्हरच्या गाडीला कव्हरवर एक रबरी बूच असतं, ढील पाहायचं. १९८५ साली सीडी हंड्रेड आली तेव्हापासून अशी झाकलेली चेन घराघरांत आहे, आणि त्या कव्हरनेच आमच्या लोकांच्या चेन वाचवल्यात, हे मी मान्य करतो. पण झाकल्यामुळे ती नजरेआड झाली, हेही खरं. बूच काढायचं, पोराने चाक फिरवायचं, मी कुपीचं नाक आत घालून थेंब सोडत जायचं. गाडीमागे तीन मिनिटं. पैसे नाहीत. चेन नुकतीच चालून आलेली, कोमट असते, त्यामुळे तेल सरसर आत उतरतं. रात्रभर ती तशीच उभी राहते.

“का टाकता जी फुकटात?” एका बाईने विचारलं, नवऱ्याच्या मागे बसून.

“उद्या पहाटे तुमालाच बांधीत जायचं आहे ना, म्हणून.”

ती हसली. तिच्या केसांतसुद्धा चिखल होता.

सात वाजले, साडेसात झाले. दूधवाला आला नाही. पोराला घरी पाठवलं. आठला शटर अर्धं ओढलं आणि कर्र, कर्र, कट.

चेन काढली. बॅटरीच्या उजेडात एकेक सांधा वाकवत गेलो आणि एकसष्टाव्या कडीला तो सापडला, गंजून वाकडाच थिजलेला. डिझेलमध्ये बुडवला, पकडीने नाही तर बोटांनी, डावं-उजवं, डावं-उजवं. नऊ बोटं आणि एक अर्धं. पाच मिनिटांनी तपकिरी पाणी सुटलं, मग कडी हलली, मग मोकळी झाली. मागच्या चकतीवर टाकून चेन ओढून पाहिली तर उचलत होती, पण अजून अर्धा दाता दिसत नव्हता. कापणीपर्यंत चालेल, दिवाळीनंतर बदलू म्हटलं. पुसली, कोरडी केली, चढवली, तेल घातलं. आता अर्धा तास चालवू नको म्हटल्यावर तो स्टुलावर बसला आणि बसल्या बसल्या त्याला झोप लागली.

नऊ वाजून गेल्यावर उठवलं. किक मारली, गिअर टाकला आणि गोरेगावच्या रस्त्याला लागला. मी कान देऊन उभा राहिलो. इंजिनाचा आवाज आला, टायरखाली पाणी फाटल्याचा आला, मग दोन्ही लांब गेले आणि बांध्यांमधल्या बेडकांचा तेवढा राहिला.

डिझेलचं घमेलं झाकून ठेवलं. रात्रीत गाळ तळाला बसेल, वरचं नितळ उद्या पुन्हा कामाला येईल.